चाकांवरचें घर आणि त्यांतली शेगडी

घर म्हटलें कीं चूल आली, आणि चूल म्हटली कीं धुराला वाट ठेवणें आलें. आपल्याकडील जुन्या घरांत ही वाट कौलांच्या फटींतून किंवा माळवदाच्या झरोक्यांतून आपोआप मिळत असे. त्यामुळें तिच्याविषयीं निराळा विचार करण्याची गरज कोणाला फारशी भासली नाहीं. परंतु घर जेव्हां चाकांवर चढलें, त्याच्या भिंती पत्र्याच्या झाल्या आणि फटी कसोशीनें बुजविल्या गेल्या, तेव्हां हाच साधा प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसला. मोटारीच्या मागें जोडून ओढीत नेण्याच्या प्रवासगाड्या, ज्यांना इंग्रजी बोलणारे लोक ट्रेलर किंवा कॅराव्हॅन म्हणतात, त्यांतील ऊब देणाऱ्या शेगडीचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंतील आहे. तथापि त्यांतून निघणारा बोध कोणत्याहि बंद खोलीला लागू पडणारा असल्यामुळें तो आपणांस परका वाटणार नाहीं, असें मला वाटतें.

आरंभ मात्र इंग्लंडपासून केला पाहिजे. तेथील रोमनी अथवा जिप्सी लोकांची घोड्यांनीं ओढली जाणारी लांकडी गाडी ही ह्या कुळांतील वडीलधारी गाडी होय. एकोणिसाव्या शतकांत तींत ओतीव लोखंडाची एक लहानशी शेगडी बसवूं लागले व तिचें धुराडें छपरांतून वर काढूं लागले. ह्या शेगडीची जागाहि ठरलेली असे. पुढच्या दारानें आंत शिरतांना ती डाव्या हाताला असावयाची. ह्याचें कारण मोठें व्यवहारी आहे. इंग्लंडांत वाहनें रस्त्याच्या डाव्या कडेनें चालतात, आणि त्या कडेच्या झाडांच्या फांद्या खालीं आलेल्या असतात. दारांतून आंत पाहणाराची डावी बाजू ही चालत्या गाडीची उजवी, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडील बाजू होय. तिकडे धुराडें काढलें म्हणजे तें फांद्यांना अडकून मोडत नसे. धुराला बिनअडथळ्याची वाट पाहिजे, हें ज्ञान अक्षरशत्रु समजल्या गेलेल्या ह्या लोकांनीं अनुभवानें असें मिळविलें होतें. पुढें १८८५ सालीं आरमारांतील एक माजी शस्त्रवैद्य डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनीं ‘वाँडरर’ नांवाची ऐटबाज गाडी बांधवून घेतली आणि केवळ हौसेखातर इंग्लंडांतून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. हौसेच्या प्रवासगाड्यांचा आरंभ येथून मानण्याची वहिवाट आहे. ह्या सर्व गाड्या लांकडी फळ्यांच्या होत्या, आणि फळ्यांच्या सांध्यांतून वारा शिरत असे. त्या काळीं हा दोष समजला जाई. पण ह्याच दोषानें किती जीव वांचविले असतील, ह्याची गणना कोणीं केलेली नाहीं.

अमेरिकेंत मोटार सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आली आणि ह्या हौसेला नवें रूप आलें. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा ह्या शहरीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाचा प्रवाशांचा एक संघ स्थापन झाला. ह्या मंडळींची खूण म्हणजे मोटारीच्या रेडिएटरच्या झांकणावर डाख देऊन बसविलेला पत्र्याचा डबा. आरंभीं हे लोक तंबूंतच राहत. १९२९ सालीं डेट्रॉइट येथील आर्थर शर्मन नांवाच्या एका जंतुशास्त्रज्ञानें विकत आणलेली घडीची तंबूगाडी पावसांत वेळेवर उभी राहीना, म्हणून त्रासून स्वतःच भक्कम भिंतींची गाडी तयार करविली. तिला त्यानें ‘कव्हर्ड वॅगन’ असें नांव दिलें, आणि कांहीं वर्षांतच त्याचा कारखाना ह्या धंद्यांत अग्रेसर झाला. १९३४ सालीं ग्लायडर बांधणाऱ्या हॉली बोलस यानें ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, विमानाच्या धाटणीची गाडी केली. लिंडबर्गनें १९२७ सालीं ज्या विमानानें अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर ह्याच गृहस्थाची देखरेख होती. त्याच्या गाडीवरून स्फूर्ति घेऊन वॅली बायम यानें १९३६ सालीं ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ ही चकचकीत गाडी बाजारांत आणली. तिला आंतून ऊब राखणारें अस्तर होतें, विजेचे दिवे होते, आणि चार माणसांची निजण्याची सोय होती.

ह्या प्रगतींत एक गोष्ट सहज नजरेआड होते. विमानाच्या पद्धतीनें बांधलेल्या गाडींत वारा शिरत नाहीं, हा तिचा मोठा गुण. पण ज्या फटीनें थंडी आंत येत होती त्याच फटीनें प्राणवायुहि आंत येत होता. गाडी जितकी अधिक बंदिस्त, तितकी ती उबदार. आणि जितकी बंदिस्त, तितकी आंतील शेगडी अधिक धोक्याची. गाडी बांधणारांचें कौशल्य एका वेगानें वाढत गेलें आणि शेगडी बांधणारांचें दुसऱ्या वेगानें. ह्या दोन वेगांमधील अंतरांतच पुढील अनेक अपघातांचें मूळ आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील युद्धसाहित्याच्या कारखान्यांभोंवतीं कामगारांच्या राहण्याची टंचाई पडली, तेव्हां सरकारनें हजारों ट्रेलर विकत घेऊन त्यांत कुटुंबें राहविलीं. चार दिवसांच्या सहलीसाठीं योजलेली गाडी बारमहा वस्तीची झाली. मिशिगनच्या किंवा ओहायोच्या हिवाळ्यांत पाणी गोठतें; तेव्हां तेथें शेगडी ही चैन नसून गरज होती. ह्या शेगड्या आरंभीं लांकडाच्या व कोळशाच्या, मग रॉकेलच्या आणि शेवटीं वायूच्या झाल्या. वायु म्हणजे सिलिंडरांत दाबून द्रवरूप केलेला प्रोपेन. १९१० सालीं अमेरिकेच्या खाण खात्यांतील रसायनशास्त्रज्ञ डॉ. वॉल्टर स्नेलिंग हे पेट्रोलमधून उडून जाणारी वाफ कोणती, ह्याचा शोध करीत असतां त्यांना हा वायु वेगळा काढण्याचा मार्ग सांपडला. उणें ४२ अंश सेंटिग्रेडला त्याचा द्रव उकळतो. म्हणजे कडाक्याच्या थंडींतहि सिलिंडर उघडतांच वायु तयार मिळतो. राख नाहीं, काजळी नाहीं, कोळसे वाहणें नाहीं. फिरत्या घराला ह्याहून सोयीचें सरपण शोधून सांपडलें नसतें.

परंतु ह्या सोयीबरोबर दोन संकटें आलीं. त्यांपैकीं पहिलें स्फोटाचें. प्रोपेन हवेपेक्षां सुमारें दीडपट जड आहे. तो गळला तर वर उडून जात नाहीं. पाण्याप्रमाणें जमिनीलगत पसरतो आणि खळग्यांत सांचून राहतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनांच्या वर गेलें कीं एक ठिणगी पुरते. त्यांत तो मूळचा बिनवासाचा. बिनवासाचा वायु काय करूं शकतो, हें जगाला १८ मार्च १९३७ रोजीं कळलें. टेक्सास संस्थानांतील न्यू लंडन ह्या गांवच्या शाळेच्या तळघरासारख्या पोकळींत गळलेला नैसर्गिक वायु सांचून राहिला होता. दुपारीं शाळा सुटण्याच्या सुमारास एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली, आणि सारी इमारत उडाली. सुमारें तीनशें मुलें व शिक्षक मृत्युमुखीं पडले. आयुष्यभर वर्गांत उभें राहिलेल्या माणसाला ही हकीकत वाचतांना काय वाटतें, तें सांगावयास नको. तो वायु नैसर्गिक होता, प्रोपेन नव्हे. पण धडा एकच. ह्यानंतर वायूंत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा टेक्सासांत झाला व ही पद्धत सर्वत्र पसरली. आज आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरची जी उग्र घाण येते ती त्या वायूची नसून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नांवाच्या द्रव्याची आहे. ती घाण म्हणजे एक सतत जागा असणारा पहारेकरीच होय.

दुसरें संकट अधिक कपटी आहे, कारण त्याला वास देतां येत नाहीं. प्रोपेनचें एक माप पुरतें जळण्यास प्राणवायूचीं पांच मापें, म्हणजे हवेचीं सुमारें चोवीस मापें लागतात. इतकी हवा मिळाली तर ज्योत निळी राहते, आणि कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ हींच उत्पन्न होतात. हवा कमी पडली किंवा ज्योतीला नीट मिसळली नाहीं, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आपल्या रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूपेक्षां ह्या विषाला दोनशें पटींहून अधिक आवडीनें बिलगतें, आणि मग प्राणवायूला जागा उरत नाहीं. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें, चक्कर येते; माणसाला वाटतें, प्रवासाचा शीण झाला, आणि तो पांघरूण ओढून निजतो. हवेच्या हजार भागांत ह्याचा एखाददुसरा भाग असला तरी तो कांहीं तासांत प्राण घेऊं शकतो. हिशेब करून पाहावा. सोळा फूट लांब, सात फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच अशा गाडींत सुमारें सातशें अठ्ठावीस घनफूट हवा मावते. तिचा हजारावा हिस्सा म्हणजे एका मोठ्या घागरींत भरेल इतकाच वायु होय. घागरभर वायु एका कुटुंबाला पुरतो!

हें ज्ञान नवें नाहीं. १८५७ सालीं फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीं हा वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो, असें दाखविलें. १८९५ सालीं जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या धाडसी शास्त्रज्ञानें हा वायु स्वतः श्वासावाटे घेऊन, आपल्या रक्ताचा जवळजवळ अर्धा भाग त्यानें व्यापेपर्यंत प्रयोग चालू ठेवला आणि लक्षणें नोंदून ठेविलीं. कोळशाच्या खाणींत स्फोट झाल्यावर मरणाऱ्या मजुरांपैकीं बहुतेक जण धक्क्यानें नव्हे तर ह्या विषानें मरतात, असा अहवाल त्यानें १८९६ सालीं दिला. आणि माणसाच्या आधीं ज्याला बाधा होते असा उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर ठेवावा, असें सुचविलें. ब्रिटिश खाणींत हे पक्षी १९८६ सालापर्यंत कामावर होते. आणखी एक उदाहरण वाङ्मयप्रेमी श्रोत्यांस ठाऊक असेल. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हा २९ सप्टेंबर १९०२ रोजीं पॅरिस येथें आपल्या शयनगृहांत मृत आढळला. खिडक्या बंद होत्या, शेगडींत कोळसा पेटविलेला होता आणि धुराडें नीट ओढीत नव्हतें. तें कोणी मुद्दाम बुजविलें असावें, असा संशयहि पुढें घेतला गेला. चौकशींत पुन्हां त्याच खोलींत विस्तव पेटवून गिनी-पिग कोंडून पाहिले. ते सकाळीं जिवंत निघाले! ह्यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. एका रात्रीं शेगडीनें दगा दिला नाहीं, म्हणजे ती निर्दोष आहे असें ठरत नाहीं. वारा, धुराडें, खिडकी आणि ज्योत ह्यांचा मेळ रोज निराळा असतो.

आतां प्रवासगाडींतील शेगडीच्या तीन पिढ्या पाहूं. पहिली पिढी उघड्या ज्योतीची. ती खोलींतील हवा घेई आणि जळून निघालेली हवा खोलींतच सोडी. वर्गांत मेणबत्तीवर कांचेचा पेला पालथा घालून ती विझत जातांना मुलांना दाखविण्याचा प्रयोग मीं अनेक वर्षें केला आहे. ह्या शेगडीभोंवतीं निजणारी मंडळी त्या पेल्याच्याच आंत असत. दुसऱ्या पिढीच्या शेगडीला धुराडें आलें. ती जळून निघालेली हवा बाहेर टाकी, पण ज्वलनाला लागणारी हवा मात्र खोलींतूनच ओढी. येथें एक चमत्कारिक घोटाळा संभवतो. छपराचा पंखा कोणीं आंतील हवा बाहेर फेंकण्यासाठीं चालू केला आणि खिडक्या बंद असल्या, तर धुराड्याचा प्रवाह उलटतो आणि बाहेर जाणारें विष घरांत परत येतें. तिसरी पिढी बंदिस्त ज्वलनाची. हिचा जळण्याचा कोठा खोलीपासून सर्वस्वीं अलग. भिंतींतील एका नळीनें बाहेरची हवा आंत येते, दुसरीनें धूर बाहेर जातो, आणि खोलींतील हवा त्या कोठ्याच्या केवळ बाहेरून फिरून गरम होते. ज्योतीचा आणि श्वासाचा संबंधच तोडला, हें ह्या पिढीचें थोर कार्य होय. १५ जून १९७६ पासून अमेरिकेंत राहत्या फिरत्या घरांसाठीं जे केंद्रसरकारचे नियम अमलांत आले, त्यांत स्वयंपाकाची चूल वगळून इतर ज्वलनाची हवा खोलीपासून अशी पूर्णपणें वेगळी असलीच पाहिजे, असें बंधन घालण्यांत आलें.

ज्योत विझली तर काय, हाहि प्रश्न होता. जुन्या शेगडींत एक लहान ज्योत सदैव तेवत असे. ती वाऱ्यानें विझली तर वायु तसाच वाहत राही. ह्यावरील उपाय एका जुन्या शोधांत दडलेला होता. १८२१ सालीं बर्लिन येथें थॉमस सीबेक यांना असें आढळलें कीं, दोन निरनिराळ्या धातूंचा सांधा तापविला असतां चुंबकसूची हलते, म्हणजे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यांतील सुमारें तीस भागांइतकाच त्याचा दाब. पण एक लहानशी झडप उघडी धरून ठेवण्यास तो पुरतो. ज्योत आहे तोंपर्यंत सांधा तापलेला, झडप उघडी. ज्योत विझली कीं सांधा निवतो आणि मिनिटा-दोन मिनिटांच्या आंत झडप मिटते. कोणीहि जागें असण्याची गरज नाहीं. पुढें पंख्यानें गरम हवा फिरविणाऱ्या शेगड्या आल्या, तेव्हां वारा वाहत नसेल तर ज्योत पेटूं न देणारी एक पात्याची कळ आणि कोठा फाजील तापला तर वायु बंद करणारी दुसरी कळ बसूं लागली. मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. ह्या कळा ज्योत आहे कीं नाहीं, वारा आहे कीं नाहीं, हें जाणतात. कोठ्याला चीर पडली आहे कीं काय, हें त्यांना समजत नाहीं.

आणि येथेंच आजचा प्रश्न उभा राहतो. १९४० ते १९७० च्या दरम्यानच्या गाड्या हुडकून, घांसूनपुसून पुन्हां रस्त्यावर आणण्याची हौस अमेरिकेंत बरीच बळावली आहे. बंद पडलेला टिन कॅन टूरिस्ट्स संघदेखील १९९८ सालीं पुनरुज्जीवित झाला. जुन्या वस्तूंवरील हें प्रेम स्तुत्य आहे. परंतु अशा गाडींत बहुधा मूळची शेगडीहि असते, आणि मालकाच्या मनांत येतें कीं, वरून हिला गंज नाहीं, बटण फिरविलें कीं पेटते, मग ही वापरूं नये कां? ‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्याकडे आहे, तशी भावना तिकडेहि आहे. जुन्या शेगडीचा पत्रा जाड होता, हें खरेंच. पण काळ पत्र्याच्या बाहेरून काम करीत नाहीं. प्रोपेन जळतांना पाण्याची वाफ होते. ती प्रत्येक हिवाळ्यांत कोठ्याच्या आंतल्या अंगाला निवून पाणी होते आणि लोखंड आंतून खाते. रस्त्यावरील हिसक्यांनीं सांधे ढिले होतात. तापणें आणि निवणें ह्यांच्या फेऱ्यांनीं बारीक चिरा पडतात. गाडी वर्षानुवर्षें पडून असली कीं गांधीलमाशा धुराच्या नळींत मातीचें घर करितात आणि कोळी बारीक छिद्रांत जाळें विणतो. वायूचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरांतील रबरी पडदा कडक होऊन फाटतो. हा दाब पाण्याच्या अवघ्या ११ इंच उंच स्तंभाइतका असावयाचा असतो. तो वाढला कीं ज्योत पिवळी व लांब होते, आणि पिवळी ज्योत ही अपुऱ्या ज्वलनाची खूण आहे. त्या काळच्या कांहीं शेगड्यांच्या भोंवतालीं ॲस्बेस्टॉसचीं अस्तरें असत. तीं फोडतांना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक, हें ज्ञानहि पुढचें.

मग सुज्ञ मालकानें करावें काय? ज्यांना ह्या कामाचा अनुभव आहे त्यांचा शिरस्ता सरळ आहे. प्रथम शेगडी कोणत्या पिढीची आहे तें ठरवावें. उघड्या ज्योतीची असेल तर ती निजावयाच्या जागीं पेटवूंच नये. ती शोभेची वस्तु झाली. धुराड्याची किंवा बंदिस्त असेल, तर ती गाडींतून बाहेर काढून वायूच्या कामाच्या जाणत्या कारागिराकडून कोठा, नळ्या, झडप आणि सांधे तपासून घ्यावे. कोठ्याला चीर आढळली तर डाख देऊन काम भागवूं नये. कोठा बाद समजावा. झडप शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ज्योत मुद्दाम विझवून वायु थांबतो कीं काय, तें पाहावें. गळती शोधावयाची ती साबणाच्या पाण्याच्या फेंसानें. आगकाडीनें कदापि नव्हे. जुना रेग्युलेटर व जुन्या रबरी नळ्या बिनदिक्कत टाकून द्याव्या. सिलिंडर बाहेर असावा आणि प्रवास चालू असतां, विशेषतः पेट्रोल भरतांना, गाडींत कोणतीहि ज्योत नसावी. गाडीला खालीं व वर हवेच्या वाटा असाव्या, आणि थंडी वाजते म्हणून त्या चिंध्यांनीं बुजवूं नयेत. हॉल्डेनच्या कॅनरी पक्ष्याची जागा आतां विजेवर चालणाऱ्या सूचक यंत्रानें घेतली आहे. विषारी वायूची चाहूल लागतांच तें कर्कश ओरडतें. नव्या प्रवासगाड्यांत असें यंत्र असावें, असा आतां तेथील मानकांचा आग्रह आहे. जुन्या गाडींत तर तें आधीं बसवावें आणि मगच रंगरोगणाचा विचार करावा. हें यंत्रहि अमर नसतें. त्यावर छापलेली मुदत संपली कीं तें बदलावें. आणि गाडींत एकाहून अधिक माणसांचीं डोकीं एकदम दुखूं लागलीं, तर औषध शोधण्यापूर्वीं सर्वांनीं बाहेर उघड्या हवेंत यावें.

पुष्कळ रसिक ह्यांतून एक मध्यम मार्ग काढतात. जुन्या शेगडीचा दर्शनी भाग, तिची जाळी, तिचें पितळी नांवपत्र जागच्या जागीं ठेवतात, आणि तिच्या पाठीमागें आजच्या नियमांनुसार बनविलेली नवी बंदिस्त शेगडी बसवितात. कांहीं शुद्धतावादी ह्याला नाकें मुरडतात. त्यांचें म्हणणें असें कीं, गाडी जशी होती तशीच असली तरच ती खरी. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं; पण वस्तूचें जतन आणि वस्तूचा वापर ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. संग्रहालयांतील तलवारीची धार पाहून आपण तिचें कौतुक करितों. तिच्यानें कोणी भाजी चिरीत नाहीं. जुनी शेगडी हा एक ऐतिहासिक कागद आहे. त्या काळच्या लोकांना काय ठाऊक होतें आणि काय ठाऊक नव्हतें, हें ती सांगते. तो कागद जपून ठेवावा, वाचावा, मुलांना दाखवावा. परंतु तिच्या शेजारीं निजून तिचें अज्ञान आपल्या माथीं घेऊं नये.

आतां एक शब्द आपल्या घरांविषयीं. आपणांस मिशिगनची थंडी नाहीं; परंतु बंद खोलींतील विस्तव आपल्याला अपरिचित नाहीं. बाळंतिणीच्या बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारें-खिडक्या लावून घेण्याची रीत कित्येक घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळली. जुन्या वाड्यांच्या फटींमुळें ती बहुधा निभावली. तीच रीत सिमेंटच्या बंद खोलींत निभावेलच असें नाहीं. मुंबईंत १९५५ सालाच्या सुमारास सिलिंडरचा वायु घरोघर येऊं लागला, आणि पुढें त्याच्यावर पाणी तापविणारीं यंत्रेंहि आलीं. लहानशा स्नानगृहांत, झरोका लावून घेतलेला असतांना, अशा गॅस गीझरमुळें माणसें दगावल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. त्या स्नानगृहांत आणि १९४० च्या प्रवासगाडींत शास्त्रदृष्ट्या कांहीं अंतर नाहीं. दोन्ही ठिकाणीं ज्योत आणि माणूस एकाच मोजक्या हवेसाठीं भांडत असतात, आणि ह्या भांडणांत माणूस हरतो. यंत्र स्नानगृहाच्या बाहेर बसवून पाण्याची नळी तेवढी आंत आणणें, हा तिसऱ्या पिढीच्या शेगडीचाच न्याय होय. तो आपल्या घरीं लावण्यास फारसा खर्चहि येत नाहीं.

इतिहास म्हणजे राजांच्या लढायांची जंत्री, अशी समजूत शाळेंत आमच्याच हातून पुष्कळदां करून दिली जाते. परंतु एका साध्या झडपेलाहि इतिहास असतो, आणि तो बहुधा कोणाच्या तरी मृत्यूपासून सुरू होतो. सिलिंडरला वास आला तो न्यू लंडनच्या मुलांमुळें. खाणींत पक्षी गेला तो गुदमरलेल्या मजुरांमुळें. ज्यांनीं ही किंमत भरली त्यांचीं नांवें बहुतेक आपणांस ठाऊक नाहींत. त्यांचें ऋण फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो, आणि तो म्हणजे जें ज्ञान त्यांच्या प्राणांच्या मोलानें मिळालें तें आपल्या घरांत वापरणें. आज रात्रीं निजण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरांतील ज्योतीला हवा कोठून मिळते आणि तिचा धूर कोठें जातो, एवढें जरी उठून पाहिलें, तरी हें भाषण कारणीं लागलें असें मी समजेन.